दोनदा मोजलेला दिवस

आमची ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मला तोंडावर म्हणायला नको.

सोमवारची सकाळ होती. जहाजावरच्या लोकांना प्रमाणपत्रं देणाऱ्या कार्यालयात, चार नंबरच्या खिडकीसमोर मी उभी होते. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात फुगलेली फाईल आणि चेहऱ्यावर, आईच्या भाषेत सांगायचं तर, 'सगळं जग माझ्या खिशात' असा भाव. का नसावा? साडेतीन वर्षं मी मालवाहू जहाजांच्या डेकवर खलाशी म्हणून काढली होती. दोर ओढले, गंज खरवडला, रंग फासला, थंडीवाऱ्यात पहारे दिले, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करून अधिकाऱ्याच्या परीक्षाही पास झाले. आता एकच अट उरली होती. खलाशाला अधिकारी व्हायचं तर एक हजार ऐंशी दिवसांची समुद्रसेवा कागदावर दिसावी लागते. माझी भरत होती एक हजार एकोणनव्वद. एका कंपनीने थर्ड ऑफिसरची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती, पण जहाज पुढच्याच्या पुढच्या शनिवारी सुटणार होतं. आदल्या दिवसापर्यंत हातात प्रमाणपत्र नसलं, तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणं जाणार होतं. अशी जागा पुन्हा कधी चालून येईल, देव जाणे.

खिडकीमागे जो बसला होता त्याला सगळ्या बंदरातले लोक 'कात्री' म्हणत. दिवस कापतो म्हणून. मला वाटलं होतं, कुणीतरी टक्कल पडलेला, करवादणारा म्हातारा असेल. निघाला तिशीच्या आसपासचा. बाह्या मोजून दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. आणि डोळे... पण डोळे नंतर दिसले. तो वर बघतच नव्हता.

"यातले पंधरा दिवस कमी होतील," तो कागदाकडे बघत म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग कळलं, हा चेष्टा करणाऱ्यातला नाही. माझं दुसरं जहाज पंधरा दिवस ड्राय डॉकला होतं, म्हणजे पाण्याबाहेर काढून त्याचा तळ खरवडणं, रंगवणं चाललं होतं. मी म्हटलं, त्या पंधरा दिवसांत मी जेवढी राबले तेवढी भर समुद्रातही कधी राबले नव्हते. हातांना फोड आले होते.

"त्याबद्दल शंका नाही," तो शांतपणे म्हणाला. "पण जहाज पाण्यात नव्हतं. पाण्यात नाही ती समुद्रसेवा नाही."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मग मी जे काही बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. खुर्चीत बसून समुद्र मोजणाऱ्यांना गंजाचा वासही माहीत नसतो, असंही म्हणाले. मागची रांग कौतुकाने ऐकत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा पाण्याचा पेला काचेखालून माझ्याकडे सरकवला. इलाज नव्हता. घसा खरोखरच कोरडा पडला होता. मी प्यायले.

मग त्याने पहिल्यांदा वर बघितलं, आणि म्हणाला की एकूण सहा दिवस कमी पडतायत. बंदरातल्या टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवर, बारा तासांची पाळी असते, आणि बारा तासांची पाळी नियमाप्रमाणे दीड दिवस धरतात. बुधवार ते शनिवार चार पाळ्या केल्या की सहा दिवस भरतील. एका टगवर माणूस हवा आहे. त्याने चिठ्ठीवर टगच्या सारंगाचा, म्हणजे तिथल्या कप्तानाचा, फोन नंबर लिहून दिला.

"म्हणजे तुम्ही मला मदत करताय?" मी विचारलं.

"नियम सांगतोय," तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते. आता माणसाने नियम सांगताना कान कशाला लाल करावेत... मी जिना उतरेपर्यंत तोच विचार करत होते, आणि राग कुठे सांडला ते मला कळलंच नाही.

टगचा सारंग साठीचा, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा माणूस. पहिल्याच दिवशी मला 'पोरी' म्हणायला लागला आणि मोठ्या जहाजाला दोर कसा द्यायचा, यावर मी त्याला दोन गोष्टी सुनावल्या तेव्हा खूश झाला. दुपारी आम्ही धक्क्याला लागलो, तर समोर कात्री उभा. काखेत नोंदवही. म्हणे, पाळीचे तास प्रत्यक्ष तपासायचा अधिकार कार्यालयाला असतो. सारंग डोकं खाजवत म्हणाला की असेल बुवा, पण अकरा वर्षांत इथे कुणी तपासायला फिरकलं नाही.

तो टगवर चढला. टग धक्क्याला बांधलेली होती, जेमतेम डुलत होती, तरी पाच मिनिटांत त्याचा चेहरा पार उतरला. कठडा घट्ट धरून तो लॉगबुक वाचत राहिला. मी खालून लिंबू आणून अर्धं कापून दिलं आणि चोखायला सांगितलं. त्याने विचारलं, हे कुठल्या नियमात आहे. मी म्हटलं, खलाशांच्या. त्याने मुकाट्याने चोखलं. नोंदवहीत सगळं लिहून झाल्यावरही तो उतरेना, आणि त्याला उतरायला लावावं असं मलाही वाटेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. या वेळी स्वतःचं लिंबू खिशात घेऊन आला होता. आम्ही एक जहाज बाहेर काढायला निघालो होतो, तर म्हणाला, चालत्या टगवरचे तासही बघितले पाहिजेत. सारंगाने माझ्याकडे बघून एक भुवई वर केली. मी दोर गुंडाळायला लागले, गुंडाळलेलाच पुन्हा गुंडाळला.

शुक्रवारी भुरभूर पाऊस होता. खाडीच्या तोंडाशी वाट दाखवणारे बोये असतात, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवे. मला त्याची परीक्षा घ्यायची लहर आली. एवढे नियम पाठ आहेत, बोये तरी ओळखता येतात का बघू. एकेक दाखवून रंग विचारत गेले, आणि तो बरोबर सांगत गेला. पण प्रत्येक वेळी क्षणभर थांबून. टोकदार दिसला की हिरवा म्हणायचा, डब्यासारखा दिसला की लाल. मग मी डेकवर पडलेला एक हातमोजा उचलला.

"आणि हा?"

तो बघत राहिला. पाऊस त्याच्या पापण्यांवर साचला होता. "याला आकार नाही," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी तोही डेक अधिकारी व्हायला निघाला होता. लेखी, पोहणं, तब्येत, सगळ्यात पहिला. शेवटी रंगांची चाचणी. "ते ठिपक्यांचं पुस्तक असतं ना... त्यात आकडा असतो म्हणे. मला कधीच दिसला नाही." ज्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही त्याला जहाजाच्या पहाऱ्यावर उभं करत नाहीत, आणि करूही नये, असं तोच म्हणाला. त्यात रडगाणं नव्हतं. मग त्याने खिडकी मागून घेतली. नऊ वर्षं तो दुसऱ्यांचे समुद्रातले दिवस मोजत होता, आणि टगवर पाय ठेवला होता तो याच आठवड्यात.

मला त्या पहिल्या सोमवारचं माझं बोलणं आठवलं आणि जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. माफी मागितली. अडखळत मागितली, मला सवय नाही.

"माफी कशाला," तो म्हणाला. "गंजाचा वास मला खरंच माहीत नव्हता. आता कळला. वाईट आहे."

आम्ही दोघं हसलो. हातमोजा हिरवा होता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, लक्षात ठेवीन.

शनिवारी शेवटची पाळी, आणि तो आला नाही. दुपार झाली तरी नाही. मी धक्क्याकडे किती वेळा मान वळवली ते सारंगाने मोजलं असावं, कारण तो आपणहून म्हणाला, "पोरी, मानेला वंगण लावू का?" चिडायलाही जोर नव्हता. संध्याकाळी पाळी संपवून उतरले तर धक्क्याच्या फाटकाशी तो. नोंदवही नाही, पेन्सिल नाही, नुसताच. आईबरोबर दवाखान्यात गेलो होतो, म्हणून दुपारी जमलं नाही, म्हणाला. आम्ही रस्त्यापर्यंत बरोबर चाललो. वीस पावलं मी मोजली, चाळीस मोजली.

"आज तास तपासायचे नाहीत?" मी विचारलं.

"नाही."

"मग कशाला आलात?"

त्याने बराच विचार केला. "त्याचा नियम सापडला नाही मला," तो म्हणाला.

त्या वाक्यावर मी अख्खा रविवार काढला. आई कपडे शिवते, तिला मी बटणं लावून देत होते, तर सगळी बटणं एका शर्टाला उलट्या बाजूने लावली. आई चष्म्यावरून बघत राहिली.

सोमवारी फाईल पक्की करायची होती. हे काम खिडकीवर होत नाही, आत टेबलाशी होतं. मी त्याच्या समोर बसले. त्याने जहाजागणिक तारखा मांडल्या, बेरीज केली, टगचे सहा दिवस मिळवले. एक हजार ऐंशी. एक कमी नाही, एक जास्त नाही. त्याने कागद माझ्याकडे फिरवला आणि एकदा स्वतः तपासून सही करा म्हणाला. मी सही केली, खाली त्यानेही केली. गुरुवारी मोठे साहेब सह्या करतात, गुरुवारी संध्याकाळी प्रमाणपत्र मिळेल. मी उठले तरी तो कागद सरळ करत राहिला, मग म्हणाला की थर्ड ऑफिसर म्हणून तुम्ही चांगल्या शोभाल.

बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी कंपनीचा फॉर्म भरत बसले होते. त्यातही सगळ्या जहाजांच्या तारखा लिहायच्या होत्या. पहिल्या जहाजावरून उतरले, सतरा तारीख. दुसऱ्या जहाजावर चढले... सतरा तारीख. त्याच महिन्याची. सकाळी एकावरून उतरून दुपारी दुसऱ्यावर चढले होते मी. चढलेला दिवस धरतात आणि उतरलेलाही धरतात, म्हणून ती एक तारीख दोन्ही जहाजांच्या खात्यात धरली गेली होती. माझ्या यादीतही, त्याच्या बेरजेतही.

म्हणजे माझे दिवस एक हजार एकोणऐंशी.

एक दिवस हो! कुणाला कळणार होतं? फाईल सह्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडली होती. गप्प बसले तर शनिवारी जहाजावर. बोलले तर गुरुवारची सही गेली, पुढची सही पुढच्या गुरुवारी, आणि तोवर माझ्या जागेवर दुसरा कुणी समुद्रात. साडेतीन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. पण त्या बेरजेखाली त्याची सही होती. उद्या कुणी तपासलं तर माझं प्रमाणपत्र जाईल आणि त्याची नोकरी. आणि कुणीच तपासलं नाही तरी मला माहीत असणारच ना. ज्याने पंधरा दिवस माझ्या तोंडावर कापले, त्याच्या नावावर मी एक खोटा दिवस ठेवून निघून जायचं? मला त्याच्याबद्दल काय वाटतं ते मला त्या टेबलाशी, त्या फॉर्मसमोर, लख्ख कळलं. आणि नेमकं तेव्हाच कळावं याचा संताप आला.

आईला सांगितलं. विचारलं, काय करू?

"तुझं ठरलंय," आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "मला कशाला विचारतेस? सकाळी लवकर जा म्हणजे झालं."

गुरुवारी कार्यालय उघडलं तेव्हा मी खिडकीसमोर पहिली होते. सतरा तारखेबद्दल सांगितलं. त्याने फाईल काढली, दोन ओळींवर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने एकही सबब सांगितली नाही. गठ्ठ्यातून माझा कागद त्याने स्वतःच्या हाताने बाहेर काढला.

"तुम्ही बोलला नसतात तर..." तो म्हणाला.

"तर तुम्ही अडकला असतात. मला ते नको होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग घाईने म्हणाला की लगेच टगवर जा, आठ तास भरले तरी एक दिवस धरता येतो, आणि एकच हवा आहे. मी म्हटलं, पण सही तर आजच. "ते माझ्याकडे लागलं," तो म्हणाला आणि फोन उचलून सारंगाचा नंबर लावला.

दिवसभर मी टगवर काम केलं, पण आशा अशी नव्हती. सारंगानेही थट्टा केली नाही, यावरून ओळखा.

शुक्रवारी सकाळी टगचं पत्र घेऊन गेले. त्याने ते घेतलं, आत गेला, आणि पाऊण तासाने आला तेव्हा त्याच्या हातात माझं प्रमाणपत्र होतं. साहेबांची ओली सही असलेलं. मी काचेला हात टेकले. मग त्याने आणखी एक कागद सरकवला, उलटा.

"खाली सही करा. वाचलं नाहीत तरी चालेल."

असं म्हटल्यावर कोण वाचणार नाही? चूक कार्यालयाची असेल तरच साहेब गुरुवार सोडून इतर दिवशी सही करतात, आणि त्यासाठी चूक करणाऱ्याने लेखी खुलासा द्यावा लागतो. त्याच्या नीट, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'एक तारीख दोनदा धरली गेली. चूक माझी. कारण: अर्जदार समोर बसलेल्या होत्या. माझं लक्ष तारखांकडे नव्हतं.' त्याखाली साहेबांचा शेरा होता: 'कारण समजले. यापुढे या अर्जदारांची बेरीज दुसऱ्या कुणी करावी.'

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"गर्दी होती असं लिहायचं," मी म्हणाले. माझा आवाज भलताच बारीक येत होता. "थकवा होता असं लिहायचं..."

"ते खरं नव्हतं."

"हे तुमच्या सेवापुस्तकात लागणार?"

"कायमचं," तो म्हणाला. कान, मान, सगळं लाल. "निवृत्त होईपर्यंत."

नऊ वर्षांत एक ठपका नसलेला माणूस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी सदऱ्याच्या बाहीला पुसलं. कागदाच्या तळाशी 'अर्जदाराचे म्हणणे' असा एक रकाना होता. मी त्याच्याकडून पेन मागितलं आणि लिहिलं: 'बेरीज अर्जदारालाही तपासायला दिली होती. तिचंही लक्ष तारखांकडे नव्हतं. तक्रार नाही.' सही केली आणि कागद परत सरकवला.

त्याने वाचलं. खूप वेळ वाचलं, तीनच तर वाक्यं होती. मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. त्याने कागद अगदी हळू, घडी न पडू देता फाईलला लावला आणि विचारलं, उद्या जहाज किती वाजता सुटणार.

शनिवारी दुपारी धक्क्यावर पाऊस होता. आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझी जड पिशवी त्याच्या हातात दिली. आमच्या घरात याला पसंती म्हणतात. आई मुद्दाम चार पावलं मागे राहिली. जहाजाच्या शिडीशी पोचल्यावर त्याने पिशवी खाली ठेवली.

"थांब म्हणणार नाही मी," तो म्हणाला. पहिल्यांदा 'तू'वर आला होता.

"म्हटलंस तरी थांबणार नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर..." तो अडला, पण पळाला नाही. "म्हणून तर आवडतेस."

"मलाही तू," मी म्हणाले. "फार. सात महिने आहेत. चालतील?"

"चालणार नाहीत," तो म्हणाला. खोटं बोलताच येत नाही या माणसाला. "पण वाट बघीन."

मी त्याचा हात धरला, थंड आणि ओला होता, आणि सोडवेना म्हणून आधी मीच सोडला. शिडी चढताना मागे वळले नाही, वळले असते तर रडले असते. वर पोचल्यावर मात्र कठड्याशी गेले. खाली आई आणि तो एकाच छत्रीत उभे होते. आई त्याला काहीतरी विचारत होती आणि तो अगदी सरळ उभा राहून, एकेक गोष्ट खरी खरी सांगत होता. मी परत येईपर्यंत तिला सगळंच कळलेलं असणार होतं.